खिडकीमागचा माणूस : वारणा ते 'आपले सरकार'

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटचा प्रश्न श्रोत्यांमधून आलेला आहे.)



आजचा विषय कोरडा वाटेल. दाखले, उतारे, पावत्या. म्हणून आधी घरातली गोष्ट सांगतो. माझे वडील गेले, त्यानंतर मृत्यूचा दाखला काढायचा होता. तो मी घरबसल्या मागितला आणि आठवड्याच्या आत हातात आला. मनातल्या मनात शाबासकी दिली. मग बँकेतल्या बाईंनी दाखवलं की दाखल्यावर नाव 'दत्तात्रय' आहे आणि पासबुकात 'दत्तात्रेय'. फरक एका मात्रेचा. ती मात्रा दुरुस्त व्हायला पाच महिने गेले. दाखला देणारी खिडकी ऑनलाइन होती, पण दुरुस्ती करायची कोणी, मूळ रजिस्टर कोणत्या कपाटात, त्यावर सही कोणाची, हे त्या कार्यालयात कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक जण अतिशय सौजन्याने दुसऱ्या टेबलाकडे पाठवत होता. कार्यालयाचं नाव घेत नाही; तुमच्यापैकी निम्म्यांना ते आपल्याच गावचं वाटेल.

त्या पाच महिन्यांत मी एक उद्योग केला. महाराष्ट्रात ही संगणकाची गाडी कुठून निघाली, कुठे रुळावर राहिली आणि कुठे घसरली, ते शोधत गेलो. आज त्यातल्या चार-पाच ठिकाणांविषयी बोलतो. सगळा इतिहास सांगत नाही. केंद्राने राष्ट्रीय ई-प्रशासन योजना २००६ साली मंजूर केली, वगैरे गोष्टी पुस्तकांत आहेत. मला गावातली आणि गल्लीतली हकिगत सांगायची आहे.

सुरुवात करू वारणेपासून. तात्यासाहेब कोरे यांनी उभी केलेली वारणा खोऱ्यातली सहकाराची दुनिया आपल्याला माहीत आहे. साखर कारखाना, दूध संघ, बाजार, शाळा-कॉलेजं. १९९८ मध्ये इथे एक प्रकल्प आला, 'वायर्ड व्हिलेजेस', म्हणजे तारांनी जोडलेली गावं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं. पैसा बराचसा केंद्राचा आणि राज्याचा, थोडा वारणेच्या संस्थांचा. गावोगाव संगणकाच्या टपऱ्या निघाल्या. 'बूथ' म्हणायचे त्यांना. १९९८ साल लक्षात घ्या. पुण्या-मुंबईत सायबर कॅफेचं अप्रूप होतं, त्या काळात वारणेच्या गावात संगणक!

आराखड्यात काय काय लिहिलेलं होतं? शेतीचा सल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे, शिक्षण, आरोग्य, सरकारी योजना. गावाला जे जे हवं असेल असं शहरातल्या माणसाला वाटतं, ते सगळं. आणि प्रत्यक्षात टिकलं काय? उसाचा हिशेब. माझा ऊस किती टन भरला, तोड कधी, खत किती उचललं, बिलातून किती वजा झालं. त्याआधी एवढ्यासाठी कारखान्यावर हेलपाटा मारावा लागे. आता बूथवर विचारलं की कागद मिळायचा.

काही वर्षांनी तिथे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातली मंडळी गेली. त्यांनाही हेच दिसलं: बूथवर कारखान्याचीच कामं चालतात, बाकीच्या सेवा कागदावर. संगणक जुने झालेले, दुरुस्तीचा खर्च डोईजड. मग २००७ च्या सुमारास सात गावांत त्यांनी एक प्रयोग केला. संगणक बाजूला ठेवला आणि साध्या मोबाईलवरच्या संदेशांवर तीच माहिती द्यायला सुरुवात केली. शेतकऱ्याचं काही अडलं नाही. म्हणजे गावाला हवा होता तो उसाचा आकडा. पडदा मोठा की छोटा, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

आता प्रश्न असा की उसाचंच का टिकलं? माझं उत्तर साधं आहे. उसाची नोंद कारखान्याच्या ताब्यात होती. ती बरोबर असण्यात कारखान्याचाही स्वार्थ होता, कारण काट्यावरचा आकडा चुकला तर भांडण दारात येतं. उलट सातबारा होता तलाठ्याच्या दप्तरात, बाजारभाव बाजार समितीत. बूथवर बसलेल्या पोराच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे संगणक होता, नोंद नव्हती. ही जोडी फुटली की काय होतं ते पुढेही दिसेल.

याच सुमारास आपल्या उत्तरेला धार जिल्ह्यात, पवारांच्या धारमध्ये, जानेवारी २००० मध्ये 'ज्ञानदूत' सुरू झालं. गावात सूचनालय, तिथून तक्रार, उतारा, मंडईचे भाव. जगभर कौतुक झालं, स्टॉकहोमचं बक्षीस त्याच वर्षी मिळालं. पण पुढच्या वर्षांत वापर ओसरला. सूचनालय चालवणाऱ्या तरुणाचं पोट गावकऱ्यांच्या फीवर होतं. तक्रारीला वरून उत्तर येईना, तर गावकरी फी देईना. यावर जास्त वेळ घेत नाही. बक्षीस लवकर मिळतं, उत्तर उशिरा, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

आता सातबारा. काटेकोर बोलायचं तर हा ग्रामपंचायतीचा कागद नव्हे, महसूल खात्याचा. पण गावात कोणी हा भेद करत नाही. 'सरकार' म्हटलं की आधी तलाठीच आठवतो. शिवाय कागदावरून संगणकावर जाताना काय काय होतं, याचा एवढा मोठा धडा दुसरा नाही.

किती जुनी गोष्ट आहे बघा. पाटील-कुलकर्णी हे वतनदार. कुलकर्ण्याचं दप्तर त्याच्या घरात. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली आणि त्या जागी पगारी तलाठी आला. दप्तर वाड्यातून चावडीत आलं, तत्त्वतः तरी. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर, गाव नमुना बारा म्हणजे पीक काय. दोन्ही मिळून सातबारा. आपण 'सातबारा कोरा' म्हणतो, 'सातबारा नावावर झाला' म्हणतो. भाषेत इतका रुतलेला सरकारी कागद दुसरा कुठला नसेल.

केंद्र सरकारने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणायची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यात महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. आणि डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला १ मे २०१८ रोजी. मध्ये जवळजवळ ३० वर्षं. एवढा वेळ कशाला लागला? यंत्रं तर मधल्या काळात दहा वेळा बदलली.

झालं असं की हस्तलिखित सातबारे टायपिंग करणाऱ्यांकडे गेले. त्यांना ना गाव माहीत, ना अक्षर लागत, ना 'पोटखराबा' म्हणजे काय ते ठाऊक. आकार तीन आणे की तीन रुपये, गुंठे की आर, सामाईक क्षेत्र कोणाचं किती... चुका झाल्या. पण त्याहून वाईट गोष्ट पुढे झाली. संगणकावरचा उतारा तयार झाला तरी हाताने लिहिलेलं रजिस्टर चालूच राहिलं. फेरफार व्हायचा हस्तलिखितावर, संगणकात तो महिनोन् महिने उतरायचा नाही. म्हणजे एकाच जमिनीचे दोन सातबारे. बँक एक मागते, रजिस्ट्रार दुसरा. शेतकरी दोन्ही घेऊन फिरतो. संगणकामुळे त्याचा हेलपाटा वाचला नाही, वाढला.

शेजारच्या कर्नाटकात 'भूमी' प्रकल्पाने इथे वेगळा रस्ता धरला. २००० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्यांनी एकेका तालुक्यात संगणकाचं काम पुरं झालं की हस्तलिखित उतारा बाद ठरवला. कायद्याने बाद. पंधरा रुपये द्या, खिडकीवरून छापील उतारा घ्या. यावर टीकाही झाली, आणि ती खोटी नव्हती: गावच्या पातळीवर जे थोडंफार सांभाळून घेतलं जायचं ते गेलं, तालुक्याच्या गावी जाण्याचा खर्च वाढला, आणि जमिनीच्या व्यापाऱ्यांना नोंदी बघणं सोपं झालं. पण दोन रजिस्टरं समांतर चालवण्याचा घोळ त्यांनी मिटवला, हे मान्य करावं लागेल.

आपल्याकडे तो घोळ मिटायला २०१७ उजाडलं, आणि तो मिटवण्यासाठी जी युक्ती काढली ती मला फार आवडते. कारण ती संगणकाची नव्हतीच. त्या उन्हाळ्यात 'चावडी वाचन' झालं. संगणकात उतरवलेले सातबारे छापून गावात वाचायचे. ज्याचं त्याने ऐकायचं, चूक असेल तर तिथेच सांगायचं. 'अहो, तो गट माझ्या चुलत्याचा नाही, आमचा सामाईक आहे.' 'विहिरीची नोंद गेली कुठे?' 'माझ्या आईचं नाव वारस म्हणून लागलं होतं, ते पडलं.' मग तलाठी मूळ दप्तराशी ताडून दुरुस्ती करणार, तहसीलदार मान्यता देणार. राज्यात अडीच कोटींच्या आसपास सातबारे. सगळ्या गावांत हे वाचन मन लावून झालं असं मी म्हणणार नाही. कुठे उन्हामुळे माणसंच आली नाहीत, कुठे उरकलं. पण जिथे नीट झालं तिथली नोंद खरी, कारण तिला गावाने कान दिला होता. आजही लेखनातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करता येतो. ते कलम ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही त्या उन्हाळ्यात कळलं.

आणि या सगळ्यात तलाठी कुठे होता? लॅपटॉप, नेटचा खर्च आणि सर्व्हरचा वेग यासाठी आंदोलन करत होता. आपण हसतो, 'तलाठी संपावर' म्हणून. पण रात्री दोनला सर्व्हर मोकळा असतो म्हणून तेव्हा उठून फेरफार भरणारे तलाठी मी पाहिले आहेत. ज्याच्या नावाने सही होणार, त्याच्या हातातलं साधन चालत नसेल तर दोष जातो त्याच्याच माथी.

आता गाव सोडून शहरात येऊ. कल्याण-डोंबिवली. महानगरपालिका १९८३ ची, पण पहिली निवडणूक १९९५ मध्ये. म्हणजे बारा वर्षं प्रशासकाचा कारभार. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांच्या घरात. आणि लोक कोण? सकाळी सातची लोकल पकडून व्हीटीला जाणारे आणि रात्री आठला परतणारे. अशा माणसाला घरपट्टी भरायची किंवा मुलाचा जन्मदाखला काढायचा तर एक रजा टाकावी लागे. दाखल्यावर साहेबांची सही नसेल तर दुसरी रजा. सरकारी सेवेची खरी किंमत फीमध्ये नसते हो, अशा रजांमध्ये असते. शेतमजुराच्या बाबतीत ती बुडालेल्या रोजात असते.

या पालिकेने २००२ च्या सुमारास जे केलं ते देशातल्या पहिल्या काही प्रयोगांत मोजलं जातं. दिसायला काय दिसलं? एक नागरी सुविधा केंद्र. सगळ्या खात्यांचे अर्ज एकाच खिडकीवर. अर्ज दिला की तारखेसह पोच. पण त्या खिडकीच्या मागे काय केलं ते महत्त्वाचं. मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू, बांधकाम परवानगी, हिशेब अशी आतली खातीच संगणकावर घेतली. अर्ज खिडकीवरून आत गेला की तो कुठल्या टेबलावर, किती दिवस पडून आहे, हे वरच्याला दिसायला लागलं. कारकुनांना शिकवलं. ज्यांनी आयुष्यभर टाचणी आणि टॅगवर काम केलं त्यांना शिकवलं, त्यांच्या जागी बाहेरची पोरं आणून बसवली नाहीत. पुढे हाच नमुना राज्यातल्या इतर पालिकांत न्यायचं ठरलं.

इतरत्र अनेक ठिकाणी उलटं झालं. आधी संकेतस्थळ. मुखपृष्ठावर महापौरांचा फोटो, उजवीकडे 'अर्ज करा'. अर्ज केला की तो आत कोणीतरी प्रिंट काढतो, टॅग लावतो आणि जुन्या वाटेने फाईल चालू लागते. माझी मात्रा याच वाटेवर हरवली होती.

पिंपरी-चिंचवडचं एक उदाहरण ओघात सांगतो. २०१३ मध्ये तिथे 'सारथी' सुरू झालं. लोकांना ते हेल्पलाइन म्हणून आठवतं. पण त्याचा पाया होता माहितीची पुस्तिका. कोणत्या कामाला कोणता अर्ज, कोणती कागदपत्रं, किती दिवस, अधिकारी कोण, हे प्रत्येक खात्याकडून प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहून घेतलं. फोनवर बोलणारा माणूस त्यावरूनच उत्तर देतो. आपल्या खात्याचं काम आपल्यालाच मराठीत चार ओळींत लिहून काढा, असं सांगून बघा एखाद्या कार्यालयात. किती नियम प्रत्यक्षात कुठेच लिहिलेले नाहीत, फक्त 'पद्धत आहे' म्हणून चालतात, ते तेव्हा कळतं.

आता शेवटचा टप्पा, आणि मला सगळ्यात जास्त खुपणारा. ग्रामपंचायत.

२०११ मध्ये 'संग्राम' आलं. संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. राज्यात २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती. गावोगाव संगणक, प्रिंटर आणि एक संगणक परिचालक. ग्रामपंचायतीचे नमुने, म्हणजे जमाखर्च, कर आकारणी, जन्म-मृत्यू, मालमत्ता, हे सगळं त्याने भरायचं, शिवाय दाखले द्यायचे. कल्पना उत्तम. पैसा वित्त आयोगाच्या निधीतून, जो गावाच्या विकासाचा. २०१५ अखेर संग्राम संपलं आणि २०१६ पासून तेच काम 'आपले सरकार सेवा केंद्र' या नावाने सुरू झालं. पाटी बदलली. खुर्चीवरचा मुलगा किंवा मुलगी बहुतेक ठिकाणी तीच.

हा परिचालक कोणाचा नोकर? गाव म्हणतं आमचा, कारण गावात बसतो. ग्रामसेवक त्याला काम सांगतो. मानधन यायचं मधल्या कंपनीकडून, तेही कित्येकदा महिनोन् महिने थकून. ग्रामपंचायत आपल्या निधीतून वर पैसे भरते आणि खाली त्याच्या हातात त्यातला भाग पडतो. आम्हाला ग्रामपंचायतीच्या आकृतिबंधात घ्या, किमान वेतन द्या, या मागणीसाठी ही मुलं नागपूरला अधिवेशनावर गेली, आझाद मैदानावर बसली. एकदा नाही, अनेकदा. प्रत्येक आंदोलनाच्या काळात गावातले दाखले थांबले. तेव्हा ओरड झाली ती 'ऑनलाइन बंद आहे' अशी. ऑनलाइन बंद नव्हतं मंडळी. खुर्ची रिकामी होती.

वारणेच्या बूथवरचा पोरगा, धारच्या सूचनालयातला तरुण, आणि हा परिचालक. वीस वर्षांच्या अंतराने तोच माणूस. सरकारचा चेहरा तो, शिव्या खायला तो, आणि सरकारच्या कुठल्याही हजेरीपटावर त्याचं नाव नाही. याउलट कल्याणच्या खिडकीमागे पालिकेचाच कारकून होता, आणि सातबाऱ्यावर सही तलाठ्याची, जो तक्रार करतो पण बदलीनंतरही सेवेत असतो. जिथे नोंदीचा मालक आणि खिडकीवरचा माणूस एकाच घरातले राहिले, तिथे व्यवस्था टिकलेली दिसते. यंत्र कुणाचं, कंपनी कुठली, याने तेवढा फरक पडलेला मला आढळला नाही. तुम्हाला उलटं उदाहरण माहीत असेल तर जरूर सांगा. मी शोधतोच आहे.

एक गोष्ट मात्र सरकारने पक्की केली, ती कायद्याने. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, पदनिर्देशित अधिकारी, दोन अपिलं, आणि वर आयोग. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. दंड किती जणांना झाला हा भाग सोडा. दाखला ही मेहेरबानी नाही, हे पहिल्यांदा तारखेसकट लिहिलं गेलं.

मी थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोता : सर, आमच्या ग्रामपंचायतीत 'सर्व दाखले ऑनलाइन' असा बोर्ड आहे. पण ऑपरेटर आठवड्यातून दोनच दिवस येतो. त्याच्यावर तीन गावं आहेत. आम्ही करायचं काय?

त्याच्याशी भांडू नका, हे पहिलं. अर्ज द्या आणि तारखेची पोच घ्या. ऑनलाइन केलात तर क्रमांक लिहून ठेवा. मुदत त्या दिवसापासून मोजली जाते, ऑपरेटर येतो त्या दिवसापासून नाही. कुठली सेवा किती दिवसांत, फी किती, पहिलं अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर तो आधी मागा. आणि पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न विचारा, प्रोसीडिंगमध्ये लिहून घ्यायला लावा: आपल्या निधीतून या केंद्रासाठी वर्षाला किती रक्कम गेली, आणि ऑपरेटरचं मानधन कुठल्या महिन्यापर्यंत जमा झालंय? त्या मुलाला शेजारी उभा करून विचारा. उत्तर काय मिळतं ते मला कळवा.